विषयाची निवड आणि विषयाची बढत : कलाविद्यार्थ्याच्या चित्रसंचासंबंधी काही विचार

चित्रकलेच्या विद्यार्थ्याने पदवीच्या अखेरीस किंवा पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठी सादर करावयाच्या चित्रसंचाला आता सर्वत्र पोर्टफोलिओ असेच म्हटले जाते, आणि त्याच्या संदर्भात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'विषय कोणता घेतला?' असा. या प्रश्नातील 'घेतला' हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. बाजारातून वस्तू घ्यावी तसा विषय घ्यावयाचा, घरी आणावयाचा आणि मग त्यावर दहापंधरा चित्रे काढावयाची, अशी एक समजूत या क्रियापदात दडलेली आहे. 'स्त्री', 'पर्यावरण', 'एकाकीपण', 'काळ', 'महानगर' हे असे नित्य घेतले जाणारे विषय होत. त्यांत गैर काही नाही. परंतु ती केवळ नामे आहेत, आणि नाम हाती आले म्हणजे विषय हाती आला असे होत नाही. ख्यालगायनात बंदिशीचे शब्द दोनचार ओळींचेच असतात. तीच बंदिश दहा गायक गातात. कोणता गायक काय करतो हे कळते ते बढतीत. चित्रसंचाच्या विषयाचीही हीच स्थिती आहे. असे असूनही विद्यार्थ्याचे बहुतेक श्रम, आणि मार्गदर्शकाचेही बहुतेक संभाषण, निवडीवर खर्च होते. बढतीच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

या सवयीचे मूळ शोधू गेल्यास ते महाविद्यालयात नव्हे, शाळेत सापडते. महाराष्ट्रात कला संचालनालयाची स्थापना 1965 साली झाली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत रेखाटनाचे शिक्षण नेले, हे त्यांचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि त्यांतील स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेने एक विपरीत धडाही दिला आहे. विषय छापून येतो: बाजार, बसथांबा, सण, खेळाचे मैदान. विद्यार्थ्याने तो 'स्मरणातून' काढावयाचा. प्रत्यक्षात स्मरण होते ते शिकवणीत घोटून घेतलेल्या आकृतींचे: डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री, पाठमोरा मुलगा, कोपऱ्यातले झाड. या तिन्ही आकृती बाजारातही बसतात आणि बसथांब्यावरही. तेरा-चौदा वर्षांच्या वयात मुलाच्या मनावर असे ठसते की विषय बाहेरून येतो, आकृती आधीच तयार असतात, आणि चित्रकाराचे काम म्हणजे या दोहोंची गाठ घालून देणे. दहावीच्या निकालात या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर घोटून घेण्याचा मोह अधिकच वाढला आहे. पुढे हाच विद्यार्थी कला महाविद्यालयात जातो आणि 'बाजार' या जागी 'अस्तित्व' हा शब्द ठेवतो. आकृती थोड्या बदलतात. गाठ घालण्याची रीत तीच राहते.

परदेशातील एक परीक्षा या दृष्टीने ताडून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत शालेय शिक्षणाच्या अखेरीस घेतल्या जाणाऱ्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत चित्रकलेची लेखी प्रश्नपत्रिकाच नसते. चित्रसंच हीच परीक्षा. 2019-20 या वर्षापासून या संचाचे दोन भाग आहेत. पंधरा प्रतिमांचा एक दीर्घ शोध, ज्याला साठ टक्के गुण आहेत, आणि निवडक पाच कृती, ज्यांना चाळीस. पहिल्या भागात केवळ पूर्ण झालेली चित्रे नव्हे, तर सराव, प्रयोग आणि फेरफार यांचा पुरावा मागितला जातो. कच्ची रेखाटनेही त्यात चालतात. ही तरतूद निःसंशय शहाणपणाची आहे, कारण तीत बढतीला गुण आहेत. परंतु त्या शोधामागील प्रश्न शब्दांत लिहून द्यावा लागतो, आणि येथे नवा धोका उभा राहतो. लेखनात चतुर असलेला विद्यार्थी प्रश्न आधी रचतो आणि चित्रांना त्याची उदाहरणे बनवितो. आपल्याकडील विद्यार्थी नाम घेतो, तिकडील प्रश्नवाक्य घेतो. चित्र दोन्ही ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावरच राहण्याची शक्यता असते.

मग विषय येतो कोठून? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या ठिकाणी पाय रोवून करणे बरे. ठाणे शहरात पोखरण रस्ता क्रमांक 1 वर, उपवन तलावाच्या अलीकडे, वर्तकनगर ही वसाहत आहे. म्हाडाच्या जुन्या इमारती, त्यांच्यामधून वाढलेली झाडे, भाजीवाले, साईबाबांचे मंदिर, आणि मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या येऊरच्या डोंगररांगा. याच रस्त्यावर रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती. 1925 साली सुरू झालेल्या या गिरणीतील उत्पादन 2009 मध्ये थांबले आणि पुढे तिच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहू लागले. म्हाडाच्या इमारतींचाही पुनर्विकास होत आहे. रस्त्याच्या नावातील 'पोखरण' या शब्दाचे नाते पुष्करिणीशी, म्हणजे तळ्याशी आहे, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल?

या वसाहतीत वाढलेला विद्यार्थी मुंबईत चित्रकला शिकू लागला म्हणजे रोज बसने ठाणे स्थानक आणि तेथून लोकलने सुमारे 34 किलोमीटरचा प्रवास करतो. या प्रवासात तो झोपतो, उभा राहतो, कधी सहप्रवाशांची रेखाटने करतो. पण विषय घेण्याची वेळ आली की तो वर्तकनगर घेत नाही. त्याला ते चित्राच्या योग्यतेचे वाटत नाही. वाराणसीचे घाट चित्राच्या योग्यतेचे, राजस्थानातील स्त्रिया योग्यतेच्या, फोर्टातील दगडी इमारती योग्यतेच्या. पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा मात्र नव्हे. ही योग्यतेची यादी त्याने स्वतः केलेली नसते. प्रदर्शनांतून, दिनदर्शिकांतून आणि आधीच्या वर्षांच्या पारितोषिकप्राप्त चित्रांतून ती त्याच्या हाती आलेली असते.

ही यादी बाजूला सारून ठाण्यातच विषय सापडलेला एक मोठा चित्रकार आहे, आणि त्याच्या कामाकडे विद्यार्थ्याच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. सुधीर पटवर्धन यांचा जन्म 1949 सालचा, पुण्यातला. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये ते डॉक्टर झाले, 1973 मध्ये मुंबईत आले, आणि 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले. कला महाविद्यालयाचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. 1979 मध्ये दिल्लीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, आणि 1981 मध्ये 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या समूहप्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासमवेत त्यांची चित्रे मांडली गेली. दिवसभर दवाखाना आणि उरलेल्या वेळात चित्र, असा हा तीस वर्षांचा क्रम होता. वेळ नाही म्हणून विषयाची बढत होत नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने या क्रमाकडे एकदा पाहावे.

पटवर्धनांचा विषय कोणता, असे विचारले तर 'शहर' किंवा 'श्रमिक' असे उत्तर सहज दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु त्यातून काही कळत नाही. चित्रे क्रमाने पाहिली म्हणजे काय दिसते? 1970 नंतरच्या दशकात माणसाचे शरीर समोर येते: जड, थकलेले, जवळून पाहिलेले, 'रनिंग वुमन' (1977) मध्ये धावणारे. त्याच वर्षीच्या 'इराणी रेस्टॉरंट' मध्ये या शरीराला एक जागा मिळते. 'ट्रेन' (1980) आणि 'ओव्हरब्रिज' (1981) मध्ये त्याला गर्दी मिळते, आणि गर्दीबरोबर एक अडचणही. डब्यात किंवा पुलावर कोणीही कोणाकडे संपूर्णपणे पाहू शकत नाही. शरीरे एकमेकांना कापतात. 'टाउन' (1984) मध्ये चित्रकार मागे सरकतो, उंच जातो, आणि माणसे लहान होऊन वस्तीत विखुरतात. पुढे 'लोअर परळ' आणि 'उल्हासनगर' (दोन्ही 2001) यांसारख्या विस्तृत पटांपर्यंत हा प्रवास जातो, जेथे शहर एकाच ठिकाणाहून पाहता येत नाही म्हणून चित्रात पाहण्याची ठिकाणेच अनेक होतात. मध्यंतरी 1992-93 च्या मुंबईतील दंगलींनी या पाहण्याला तडा गेला. 'रायट' (1996) या चित्रात ज्या रस्त्यावरील माणसांवर चित्रकाराने इतकी वर्षे विश्वास टाकला, तीच माणसे हिंसेच्या बाजूला उभी दिसतात. नंतरच्या काळात घर, वार्धक्य, खिडकीच्या आतली बाजू ही या कामात येते.

या क्रमात 'शहर' हा शब्द कोठेही कळीचा नाही. कळीचा आहे तो एक प्रश्न: माणसाकडे किती अंतरावरून पाहावे? जवळ गेले तर माणूस दिसतो आणि वस्ती हरवते. दूर गेले तर वस्ती दिसते आणि माणूस ठिपका होतो. प्रत्येक टप्प्यावर पटवर्धनांनी या प्रश्नाचे एक उत्तर काढले, आणि त्या उत्तरातील उणिवेतून पुढचे चित्र निघाले. रुग्णाच्या शरीरात पाहणे हाच ज्याचा दिवसाचा व्यवसाय, त्याला अंतराचा प्रश्न सुचावा यात नवल नाही. पण तो प्रश्न चित्रांच्या आधी वाक्यरूपाने तयार होता असे मानण्यास या चित्रांत आधार सापडत नाही. चित्रांच्या ओळीत उभे राहून मागे वळून पाहिल्यावरच तो दिसतो. विद्यार्थ्याने घ्यावे ते हे. नाहीतर पटवर्धनांचे अनुकरण म्हणजे लोकलच्या डब्यातील दमलेली माणसे, असा आणखी एक तयार विषय यादीत जमा होईल. आणि तो झालाही आहे.

समजा, वर्तकनगरच्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या जुन्या इमारतीचा जिना काढावयास घेतला. इमारत पुनर्विकासाला जाणार, वर्षभरात घर रिकामे करावे लागणार, हे तिला ठाऊक आहे. पहिली दहा-बारा रेखाटने सुंदर होतात. झरोक्यातून आलेला कवडसा, झिजलेल्या पायऱ्या, दाराशी रांगोळी, भिंतीला टेकून ठेवलेली सायकल. मार्गदर्शक खूष होतात. येथेच थांबले तर संचाचे नाव 'हरवत चाललेले घर' असे पडेल आणि परीक्षेत गुणही बरे मिळतील. पण ही चित्रे प्रत्यक्षात जिन्याची नाहीत. हुरहुरीची आहेत, आणि हुरहूर ही भावना तिच्या आधी हजारांनी काढून ठेवलेली आहे. वर्तकनगर येथे काढून टाकले आणि त्या जागी गिरगावातील चाळ ठेवली तरी चित्रांत काहीही बदलणार नाही. ही कसोटी निष्ठुर आहे खरी, परंतु उपयोगी आहे.

आता समजा तिने थांबण्याऐवजी मोजण्यास सुरुवात केली. लाकडी कठडा एका विशिष्ट उंचीवर गुळगुळीत झाला आहे. त्याखाली, हातभर अंतरावर, दुसरा एक गुळगुळीत पट्टा आहे. वरचा मोठ्यांच्या हातांचा, खालचा मुलांच्या. रेखाटनात हे दोन पट्टे दाखविता येत नाहीत, कारण ते रंगाने नव्हे, स्पर्शाने कळतात. म्हणून ती कागद कठड्याभोवती गुंडाळून वरून कोळसा घासते आणि ठसा उमटवून घेते. मग पायऱ्यांचे, उंबरठ्याचे, तळमजल्यावरील मीटरच्या पेटीचे ठसे घेते. या ठशांत कवडसा नाही, हुरहूर नाही. जिना आता जुन्या काळाचे प्रतीक राहिला नाही. तो हातांनी केलेली नोंद झाला. दुसरी अडचण कागदाच्या आकाराची. जिना खाली पाहताना क्षितिज मिळत नाही, वर पाहताना मजला दिसत नाही. आडव्या कागदावर तो नेहमी खोटा वाटतो. ती अरुंद, उंच कागद घेते, पुढे त्याला घड्या घालते, म्हणजे पाहणाऱ्याला एक एक घडी उलगडत खाली उतरावे लागते. हे तंत्राचे प्रयोग म्हणून केले असते तर ते दिखाऊ झाले असते. येथे प्रत्येक बदलाला आधीच्या चित्राने भाग पाडले आहे.

खरी परीक्षा त्यानंतर येते. जवळच्याच एका नव्या मनोऱ्यात राहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाकडे ती लिफ्टची रेखाटने करावयास जाते, आणि ती सर्व कंटाळवाणी होतात. पोलादी दार, आरसा, आकड्यांची पट्टी; माणसे आकड्यांकडे पाहतात, एकमेकांकडे नाही. हाताने गुळगुळीत झालेले काही नाही, कारण पुसणारा रोज पुसतो. ही चित्रे संचातून काढून टाकावी असे तिला वाटेल, आणि कदाचित मार्गदर्शकही तसेच सुचवितील. परंतु विषय येथेच उघड झाला आहे. जिना जुना आणि लिफ्ट नवी हा मुद्दा नव्हता. शेजारी शेजाऱ्यासमोर कोठे येतो, किती वेळ येतो आणि त्याच्या येण्याची खूण कशावर राहते, हा तो विषय होता. कंटाळवाणी रेखाटने ही त्याची दुसरी बाजू आहे. पहिली दहा-बारा सुंदर चित्रे मात्र आता संचात राहू शकत नाहीत. ज्यांनी सुरुवात करून दिली त्यांनाच निरोप द्यावा लागतो. या टप्प्यावर फार थोडे विद्यार्थी पोहोचतात, आणि पोहोचलेल्यांपैकीही पुष्कळ जण सुंदर चित्रांच्या मोहाने परत फिरतात.

येथे मर्ढेकरांची आठवण होते. 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. एका चित्रातील रंगरेषांच्या संदर्भात त्यांचा विचार करण्याची सवय आहे. चित्रसंचाच्या संदर्भात तो फारसा होत नाही. एकाच विषयावरील पंधरा चित्रे परस्परांशी केवळ संवाद साधत असतील तर तो संच नव्हे, पुनरुक्ती होय. जिन्याच्या ठशांना लिफ्टच्या पोलादाचा विरोध मिळाल्याखेरीज त्या ठशांचे मोल कळत नाही. मर्ढेकरांची लयमीमांसा पुढील समीक्षेने पुष्कळ तपासली आहे आणि तिच्या मर्यादाही दाखविल्या आहेत. तरीही संच ही एकच कृती आहे असे मानून पाहावयाचे असेल, तर या तीन तत्त्वांइतके हाताशी असलेले दुसरे साधन मराठीत चटकन सापडत नाही.

एकाच वस्तूकडे पुन्हा पुन्हा पाहण्याची मोठी उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांतील तपशील विसरले जातात. मोने याने रूआँच्या कॅथेड्रलची चित्रे 1892 आणि 1893 मध्ये समोरच्या जागांतून रंगविली, परंतु ती पुरी केली घरी, गिव्हर्नीत. 1895 मध्ये त्यांतील वीस प्रदर्शनात मांडली. म्हणजे मालिकेतील ऐक्य हे जागेवरच नव्हे, सर्व कॅनव्हास एकत्र ठेवून काम करताना साधले गेले. होकुसाई याच्या 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये' या मालिकेत प्रत्यक्षात शेहेचाळीस चित्रे आहेत. छत्तीस पुरी झाली, लोकांना आवडली, आणि दहा आणखी निघाली. शीर्षक मात्र तसेच राहिले. सत्तरीच्या घरातील चित्रकाराचा विषय शीर्षकाच्या बाहेर वाढू शकतो, तर विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात नोंदविलेल्या शीर्षकाला वर्षभर चिकटून राहावे अशी अपेक्षा विभागांनी का करावी?

जवळचा विषय घ्यावा, असा याचा अर्थ कोणी काढील; तो येथे अभिप्रेत नाही. जवळीक हीही एक सबब होऊ शकते. आपल्याच वस्तीतील भाजीवाली, रखवालदार, सफाई कामगार यांना रेखाटताना विद्यार्थी असे समजतो की ओळख आहे म्हणजे अधिकार आहे. पटवर्धनांच्या चित्रांसंबंधीही हा प्रश्न विचारला गेला आहे: मध्यमवर्गीय डॉक्टर श्रमिकाकडे पाहतो तेव्हा तो कोणाच्या बाजूने पाहतो? रणजित होसकोटे यांनी 2004 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच या चित्रकाराला निरीक्षक म्हणतानाच त्या निरीक्षणातील सहभागीपणाकडे, जवळजवळ संगनमताकडे, बोट दाखविले आहे. उलट बाजूने, प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, टाचणी अशा कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंतून एक संपूर्ण चित्रसृष्टी उभारली. 'कोरा कॅनव्हास' (1990) या त्यांच्या पुस्तकात चित्राच्या रिकाम्या जागेविषयी जो विचार आहे तो कोणत्याही वस्तीशी बांधलेला नाही. तेव्हा वर्तकनगर घेतले म्हणजे प्रामाणिकपणा आला आणि टाचणी घेतली म्हणजे पलायन झाले, ही विभागणी टिकणारी नाही. बरव्यांच्या टाचणीत जेवढे पाहणे आहे तेवढे पुष्कळशा वस्तीचित्रांत नसते.

राहिला प्रश्न लेखी निवेदनाचा. चित्रसंचासोबत एक पान लिहून द्यावे लागते, आणि ते बहुधा इंग्रजी प्रदर्शनपुस्तिकांतील वाक्ये जुळवून लिहिले जाते. जिने आणि लिफ्ट यांच्या संचासोबत 'स्मृती आणि अवकाश यांमधील ताण' असे लिहिले की परीक्षकाला काही विचारण्याचे कारण उरत नाही, आणि विद्यार्थिनीलाही काही सांगण्याचे. त्याऐवजी कठड्यावर दोन उंचींवर दोन गुळगुळीत पट्टे आहेत, त्यांतला खालचा कोणाचा, आणि नव्या इमारतीत तसा पट्टा का शोधूनही सापडला नाही, एवढेच घरी बोलतात त्या मराठीत लिहिले तर परीक्षकाला चित्राकडे वळावे लागेल. निवेदन शेवटी लिहावे, संच लावून झाल्यावर. आणि पहिल्या महिन्यातील शीर्षक तोवर बदललेले असेल तर कोणते आणि का बदलले, हे त्यात यावे. काढून टाकलेली दहा-बारा चित्रे वेगळ्या पाकिटात तोंडी परीक्षेला बरोबर न्यावीत. चांगला परीक्षक ती आधी पाहावयास मागेल.